पडवीतलं ऑफिस

१८ नोव्हेंबर, सोमवार

दोन दिवाळ्यांमागे कंपनीने आम्हाला सगळ्यांना एकेक डायरी दिली होती. मागच्या दिवाळीला दिली नाही, तेव्हाच ओळखायला हवं होतं. या दिवाळीला कंपनीच नाही. ट्रंक आवरताना ती डायरी सापडली, एकही पान लिहिलेलं नाही. वार जुळत नाहीत, पण खोडून लिहिता येईल.

तर मी दीपक. भांडुपला अठरा वर्षं पॅकिंग मशीनवर होतो. आता पालीच्या आत आमच्या वाडीत, आईच्या घरी. बायको ज्ञानेश्वरी एसटीत कंडक्टर आहे. तिने कधीकाळी परीक्षा दिली होती ती आम्ही विसरूनही गेलो होतो आणि कंपनीला टाळं लागलं त्याच महिन्यात तिची ऑर्डर आली. पहिल्या गाडीवर ड्यूटी असली की काळोखातच स्कूटी काढून रत्नागिरीला जाते. घर तिच्या पगारावर चालतं. मुलगी सानवी चौथीत आहे.

आईचे गुडघे गेलेत, तिला चुलीसमोरच काय, गॅससमोरही उभं राहवत नाही. म्हणून स्वयंपाक मी करतो. हे तात्पुरतं आहे. कुठे काही लागलं की मी जाणारच आहे.

आज भाकरी पहिल्यांदा फुगली. कोणाला सांगणार? डायरीला सांगितलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

डब्यात कुळथाची पिठी दिली होती, सोबत सुकट. डबा चाटूनपुसून परत आला. म्हटलं, डेपोत काय म्हणाले? ज्ञाना म्हणाली, तिच्या गाडीवरचा ड्रायव्हर रघू विचारत होता की पिठीत काय घातलं होतं. मी म्हटलं, सांग आमच्या सासूबाईंची पद्धत आहे म्हणून. ती हसली नुसती.

पिठीत मी दोन आमसुलं जास्त घातली होती आणि लसूण ठेचून नाही, चिरून. पण हे बाईमाणसाने सांगायचं, पुरुषाने काय सांगायचं. तिची तिकडे उगाच थट्टा नको व्हायला.

२ डिसेंबर, सोमवार

आईने आज घोळ करून ठेवला.

शेजारची जाईबाई दुपारी येऊन बसली होती. मी मागीलदारी भांडी घासत होतो, तिला दिसत नव्हतो, पण तिचं सगळं ऐकू येत होतं. तिने आडवळणाने सुरुवात केली. दीपक बरा दिसतो, जरा अंगाने भरलाय, सुट्टी मोठी काढलीन वाटतं. मग हळूच, बायको जाते आणि हा घरीच असतो काय गो? माझ्या हातातलं पातेलं हातातच राहिलं. मग आई म्हणाली, "तो घरनंच काम करतो. कंपनीनं कंप्युटर दिला हाय."

संध्याकाळी तिला म्हटलं, आई, कसला कंप्युटर? म्हणाली, मग काय सांगू, माझा झील भाकऱ्या थापतो म्हणून सांगू? असं म्हणून ती देवापुढे दिवा लावायला गेली. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगायचं तर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

ज्ञानाला सांगितलं तेव्हा ती युनिफॉर्मची घडी घालत होती. म्हणाली, खोटं कशाला? मी म्हटलं, खोटं कसलं, चार दिवसांचा प्रश्न आहे. शिवाय हे तुझ्यासाठीच आहे. उद्या कोणी तुला म्हणायला नको की नवऱ्याला पोसते.

ती घडी घालत राहिली. पटलं असावं.

९ डिसेंबर, सोमवार

पडवीत ऑफिस थाटलं. मेहुण्याचा जुना लॅपटॉप माळ्यावर होता. त्याची बॅटरी मेलेली, वायर लावल्याशिवाय चालत नाही आणि पडवीत प्लग नाही. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला झाकणाची मागची बाजू तेवढी दिसते. कानाला सानवीचा हेडफोन. समोर टेबलाऐवजी शिवणयंत्र, त्यावर चादर.

सकाळी वाडीतली माणसं कामाला जातात ती वेळ आणि संध्याकाळी परततात ती वेळ, एवढंच ऑफिस असतं. मधल्या वेळात माझं खरं काम. आज धोंडूकाका अचानक दुपारचे उगवले. मी पडवीत पावटे सोलत होतो. पटकन सूप मांडीवरून खाली सरकवलं आणि हेडफोन चढवला. त्यांना हाताने थांबायची खूण केली, मीटिंग चालू आहे म्हणून. तेवढ्यात आतून कुकरची शिट्टी झाली. एक, मग दुसरी. तिसरीला भात करपणार हे मला माहीत होतं, आणि काका हलायचं नाव घेईनात. शेवटी मी त्या मेलेल्या लॅपटॉपला "एक्स्क्यूज मी सर" म्हटलं आणि आत पळालो.

धोंडूकाका म्हणजे आमच्या वाडीचे मानकरी. शिमग्यात पालखी घरोघरी येते तेव्हा देवीपुढे घरासाठी मागणं, आमच्याकडे त्याला गाऱ्हाणं म्हणतात, तेच घालतात. त्यांच्यासारख्या माणसाला मी थांबा म्हणून हात केला याचं मला दिवसभर वाईट वाटत राहिलं. ते मात्र बाहेर जाऊन सांगत होते म्हणे, पोरगा साहेबाला इंग्रजीतनं उत्तर देतो.

२० डिसेंबर, शुक्रवार

आता वाडीत मला मान आहे. कोणाचं रिझर्वेशन, कोणाचं लाइट बिल, सगळे माझ्याकडे येतात. मी फोनवर करून देतो. जाता-येता लोक विचारतात, काम जोरात ना? मी म्हणतो, असतं थोडंफार.

सानवीच्या दोन वेण्या आता मला सफाईने घालता येतात. भांगाची शेपटी वाकडी असते असं तिचं म्हणणं आहे.

५ जानेवारी, रविवार

ज्ञानाला सुट्टी होती. सकाळी उशिरापर्यंत झोपू दिली. उठली तर मी ऑफिसात बसलेलो, रविवार असूनही, कारण लग्नाची वरात रस्त्याने जायची होती. ती चहा घेऊन पडवीत आली, माझ्याकडे बघत उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "हे बंद करा ना आता."

मी म्हटलं, बंदच आहे. लॅपटॉप तिच्याकडे वळवून दाखवला, काळा पडदा. मला वाटलं हसेल. ती हसली नाही.

मग विचारलं, तुम्हाला माझ्या नोकरीची लाज वाटते का? मी म्हटलं, छे, काहीतरीच काय. उलट मी हे सगळं तुझ्यासाठी करतोय, तुझं नाव खाली जाऊ नये म्हणून. तिने चहाचा कप उंबऱ्यावर ठेवला. मग म्हणाली, आत दूध उतू जातंय.

गेलंच होतं.

१९ जानेवारी, रविवार

जाईबाईकडे हळदीकुंकू होतं. ज्ञाना ड्यूटीवरून आली, कपडे बदलून, ती मोरपिशी साडी नेसून गेली. मी म्हटलं, ही साडी तुला शोभते. अर्ध्या तासात परत. वाण म्हणून स्टीलची वाटी मिळाली होती, ती फडताळात टाकली. तिळाचे लाडू सानवीला दिले. जेवली नाही.

दिवसभर उभं राहून पाय दुखत असणार. गरम पाण्यात मीठ घालून दिलं. पाय त्यात सोडून बसली आणि अचानक म्हणाली, रत्नागिरीत डेपोजवळ एका बाईंनी मागची खोली भाड्याने द्यायला काढली आहे. मी म्हटलं, कोणाला हवी आहे? म्हणाली, कोणालाच नाही, सहज सांगितलं.

२१ जानेवारी, मंगळवार

वेण्या घालताना सानवी सहज बोलून गेली. परवा जाईआजीकडे सगळ्या बायका मम्मीला म्हणत होत्या, नवरा कंप्युटरवर एवढा कमावतो तर तुला काय कमी पडतं गो, कशाला पुरुषांच्या गर्दीत धक्के खातेस. एक काकी म्हणाली, घर नको असतं काहींना.

खोटं कशाला लिहू, पहिलं वाक्य ऐकून मला जरा बरं वाटलं. एवढा कमावतो! मग दुसरं वाक्य आठवलं. म्हटलं, जाऊ दे, बायकांची तोंडं कोण धरणार? ज्ञाना खमकी आहे, रोज शंभर माणसांशी सुट्ट्या पैशांवरून भांडते. तिला याचं काय?

वेणी मात्र एक सुटली, परत घालावी लागली.

९ फेब्रुवारी, रविवार

धोंडूकाका आज मुद्दाम बसायला आले. आधी आंब्याचा मोहोर, मग माकडं, मग शिमगा. यंदा आपल्या घरी पालखी होळीनंतरच्या मंगळवारी येणार. मुंबईकर सगळे येतायत. आणि मग घसा खाकरून म्हणाले, दीपक, तू शिकलेला, तुला मी काय सांगणार. पण बायको एकटी काळोखात हायवेने जाते, लोक बोलतात. तुला देवीच्या कृपेने चांगलं काम आहे. मग तिला का हिंडवतोस? तुझ्याने बोलवत नसेल तर यंदा गाऱ्हाण्यात घालतो मी.

मी हसण्यावारी नेलं. ते हसले नाहीत बहुतेक, मी नीट बघितलं नाही. आत सोलकढीला नारळ खवायचा होता.

त्यांच्यासमोर एकदा तोंड उघडलं होतं. "काका, त्याचं काय आहे..." मग म्हटलं, नेटवर्कचा प्रॉब्लेम असतो हल्ली.

१६ फेब्रुवारी, रविवार

भांडुपच्या अमरदीपचा फोन आला. आम्ही एकाच मशीनवर होतो, तो दिवसपाळी आणि मी रातपाळी. तो आता भिवंडीला गोदामात सिक्युरिटीत लागलाय. बारा तास उभं राहायचं, झोपायला सहा जणांत खोली. म्हणाला, जागा आहे, येतोस का?

मी सांगतो म्हटलं. चांगली संधी आहे. गेलो तर ऑफिसही आपोआप बंद होईल, कोणाला काही सांगायला नको. सगळं सरळ होईल.

पण सकाळच्या वेण्यांचं काय? आईला दोन वेळा गरम जेवण लागतं, तिला गोळ्या मीच आठवण करून देतो. ज्ञानाच्या डब्याचं काय? ती काय वडापाव खाऊन राहणार? हे सगळं आठवत बसलो आणि फोन करायचा राहिला. माझ्यात जिद्द उरली नाही असं आई म्हणेल.

ज्ञानाला भिवंडीचं सांगितलं. म्हणाली, तुम्हाला जावंसं वाटतं का? मी म्हटलं, जायला हवं. ती म्हणाली, मी ते नाही विचारलं.

२ मार्च, रविवार

आज लिहायला हात वळत नाही, पण लिहितो.

ज्ञानाने डेपोजवळची खोली घ्यायचं ठरवलं आहे. सानवीला घेऊन जाणार, शिमगा झाला की. आईला आधी सांगितलं, मला नंतर. मी म्हटलं, बरोबर आहे, पहाटेचा त्रास वाचेल, सानवीलाही मोठी शाळा मिळेल. मी केव्हा सामान हलवू? टेम्पो बघतो.

ती म्हणाली, "तुमचं काम इथे आहे ना. पडवीत."

चिडून म्हणाली असती तर मी पण चिडलो असतो. ती भाकरीचा तुकडा मोडत, खाली बघून, अगदी साधेपणी म्हणाली. मग सांगितलं की या वाडीत तिच्याशी कोणी धड बोलत नाही. विहिरीवर गेली तर बायका बोलायच्या थांबतात. ज्या गाडीत ती तिकिटं फाडते त्याच गाडीत वाडीतल्या बायका बसतात आणि सुट्टे पैसे तिच्या हातात न देता सीटवर ठेवतात. का, तर नवरा एवढा कमावतो आणि ही मजेसाठी फिरते. "लोक मला गरीब म्हणाले असते तर चाललं असतं. मी कष्ट करते आणि मला लोक उंडगी समजतात."

मी म्हटलं, मला कुठे माहीत होतं? ती म्हणाली, सानवीने तुम्हाला जानेवारीतच सांगितलं होतं.

मी सगळं तिच्यासाठी केलं असं समजत होतो. ती आत सानवीशेजारी झोपलीय आणि मी इथे बसून विचार करतोय की तिच्यासाठी नक्की काय केलं, डबा सोडून.

८ मार्च, शनिवार

डेपोत आज बायकांना गुलाब दिले. ज्ञानाने तो तांब्यात ठेवलाय.

मी धोंडूकाकांकडे गेलो होतो, सगळं सांगून टाकायचं ठरवून. रस्ताभर वाक्य घोकत होतो. तिथे पालखीच्या बैठकीला वाडीतले सगळे जमलेले, मुंबईहून लवकर आलेली चार पोरंही. मला बघून काका म्हणाले, या साहेब, आणि खुर्ची दिली. बाकी सगळे खाली सतरंजीवर. एका पोराने विचारलं, दादा, कुठली कंपनी? मी कंपनीचं नाव सांगितलं. भांडुपची, टाळं लागलेली. त्या पोराला माहीत नव्हती. मोठी असेल, म्हणाला.

चहा पिऊन परत आलो. माझ्यासारखा भित्रा माणूस दुसरा नसेल. मशीनमध्ये अडकलेला माल हात घालून काढायचो, तेव्हा भीती वाटली नाही कधी.

१३ मार्च, गुरुवार

होळी. पुरणपोळ्या मी केल्या. आईने नैवेद्य दाखवताना देवाला सांगितलं, सुनेने केल्यात. ज्ञाना तेव्हा बसमध्ये होती.

१८ मार्च, मंगळवार

जसं झालं तसं लिहितो.

सकाळपासून दारापुढचं खळं सारवून, रांगोळी घालून तयार. सारवलं मी, पहाटे, कोणी उठायच्या आधी. ओटीचं ताट भरून ठेवलं. ज्ञानाला पूर्ण सुट्टी मिळाली नाही, दुपारपर्यंत येते म्हणाली होती. पालखी संध्याकाळी येणार होती, पण ढोल दुपारीच जवळ वाजायला लागले. पोरांच्या अंगात जोर, घरं भराभर होत होती. पालखी खळ्यात शिरली, आणि मागून स्कूटी. ज्ञाना खाकीतच होती. आई कुजबुजली, साडी नेस गो पटकन. पण भोयांचे पाय धुवायचे, पालखी टेकायची, वेळ कुठे होता? तिने हात-पाय धुतले, डोक्यावर ओढणी घेतली आणि खाकीवरच ओटी भरली. बायकांत चुळबुळ झाली.

मी नारळ ठेवला. धोंडूकाकांनी हात जोडले आणि सगळं खळं गप्प झालं. ढोलही थांबले.

ते गाऱ्हाणं घालू लागले. हे आई महाराजा, आज तुझी पालखी ह्या तुझ्या लेकराच्या दारात आली. सगळे म्हणाले, व्हय महाराजा. हा दीपक, मुंबई सोडून तुझ्या पायाशी आला, घरात बसून कंप्युटरवर मोठं काम करतो, त्याला यश दे. व्हय महाराजा. आणि ह्या घरची लक्ष्मी वाऱ्यासारखी फिरते, तिचं मन घराकडे वळव, तिचा पाय उंबऱ्याच्या आत स्थिर कर.

व्हय महाराजा, सगळे म्हणाले. शंभरेक माणसं असतील. मुंबईची पोरं सगळ्यात मोठ्याने.

मी ज्ञानाकडे बघितलं. ती रिकामं ताट धरून उभी होती. रडत नव्हती. गाडी यायची वाट बघत माणूस उभा राहतो तशी उभी होती. मला कळलं की ती रत्नागिरीच्या खोलीत आधीच जाऊन पोचलीय, इथे नुसती अंगाने आहे.

मी म्हटलं, "काका, थांबा. गाऱ्हाणं चुकलं."

आवाज माझा होता पण कोणाचातरी वाटला. काका म्हणाले, काय चुकलं? मी म्हटलं, काका, मला काम नाही. कंपनी दिवाळीआधीच बंद झाली. पडवीतला कंप्युटर मेलेला आहे, तो कधी सुरूच नव्हता. घर हिच्या पगारावर चालतं, माझ्या आईचं औषधसुद्धा. मी भात शिजवतो, भांडी घासतो, आज हे खळं मी सारवलं. ही फिरत नाही काका, ही आम्हाला जगवते.

कोणीतरी मागे फिसकन हसलं आणि गप्प झालं.

धोंडूकाकांना राग आला नव्हता, ते गोंधळले होते. त्यांची अडचण वेगळीच होती. म्हणाले, घातलेलं गाऱ्हाणं मागे घेता येत नाही. वाडीने व्हय म्हटलंय. देवीपुढे खोटं पडलं आता, कोणाच्या नावावर? दुसरा नारळ ठेवल्याशिवाय दुसरं गाऱ्हाणं नाही, आणि तो ज्याचं खोटं त्याने ठेवायचा.

मी आत वळलो तर आई दारात. गुडघे धरत धरत ती आतून नारळ घेऊन आली होती, मी कढीसाठी ठेवलेला. माझ्या हातात दिला नाही. खळ्यात उतरली, पालखीपुढे वाकली, वाकवत नव्हतं तरी वाकली. म्हणाली, "पयलं खोटं माझं. ह्यानं नुसतं चालवलंन."

काकांनी मला विचारलं, मग काय घालू सांग. असं कधी घातलं नाही मी. मी म्हटलं, हिची पहाटेची गाडी सुखरूप जाऊ दे आणि सुखरूप येऊ दे. आणि माझ्या हाताला चव राहू दे. काका दोनदा अडखळले. घरधनी म्हणून कोणाचं नाव घ्यायचं ते त्यांना सुचेना, शेवटी दोघांची घेतली, आधी माझं मग तिचं, मग परत तिचं. आणि थांबले. कोणी काही म्हणेना.

ढोलवाल्यांना अजून पुढची घरं करायची होती. त्यांनीच आधी म्हटलं, व्हय महाराजा. मग बाकीचे म्हणाले, कोणी पुटपुटत, कोणी नीट. जाईबाईचे ओठ हललेले मला दिसले.

पालखी नाचवायला मी खांद्यावर घेतली तेव्हा एका मुंबईच्या पोराने विचारलं, दादा, खरंच भांडी घासता? मी म्हटलं, हो, ये कधी, शिकवतो.

१९ मार्च, बुधवार

ज्ञाना काल जेवून लगेच झोपली. आज ड्यूटीवर जाताना, हेल्मेट घालता घालता म्हणाली, खोलीवाल्या बाईंना मे महिन्यापर्यंत थांबायला सांगते. मी विचारलं, आणि मे नंतर? म्हणाली, बघू.

लॅपटॉप माळ्यावर टाकला. शिवणयंत्र परत आत नेलं. वाडीतले दोघे आज माझ्याशी बोलले नाहीत. जाईबाईने मात्र विचारलं, पुरणात जायफळ किती घालतोस?

अमरदीपला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

२२ मार्च, शनिवार

आईच्या गुडघ्याचं औषध रत्नागिरीतच मिळतं. पालीच्या स्टँडवर उभा राहिलो. येईल त्या गाडीत बसायचं ठरवलं होतं, असं नाही. ज्ञानाची गाडी कितीला येते ते मला माहीत होतं.

गाडी भरलेली होती. मी तिला कामावर कधी बघितलंच नव्हतं. एका खांद्याला बॅग, हातात मशीन, वळणावर कशालाही न धरता उभी राहते. एका म्हाताऱ्याला ओरडली आणि लगेच त्याची पिशवी वर ठेवून दिली. माझ्यापर्यंत आली. मी म्हटलं, रत्नागिरी एक. तिने पूर्ण तिकीट फाडलं आणि म्हणाली, सुट्टे द्या. मी दिले. तिने माझ्या हातातून घेतले.

पुढे ड्रायव्हरच्या केबिनमागे जागा होती, तिथे जाऊन उभा राहिलो. स्टॉपवर गाडी थांबली तेव्हा ड्रायव्हरने मागे वळून विचारलं, तुम्ही दीपकदादा ना? वहिनींनी फोटो दाखवलाय. हाच रघू. म्हणाला, पिठीत आमसुलं किती घालता ते मला एकदा नीट सांगा, माझ्या बायकोला जमत नाही. मी म्हटलं, पिठी? ती तर... आणि थांबलो.

रघू म्हणाला, "वहिनी पहिल्या दिवसापासून सांगतात, डबा नवऱ्याने केलाय. आख्ख्या डेपोला माहीत आहे. जेवायला बसल्या की आधी झाकण उघडून दाखवतात."

पहिल्या दिवसापासून म्हणजे माझी भाकरी फुगत नव्हती तेव्हापासून. ती कडक भाकरीसुद्धा तिने चार माणसांत उघडून दाखवली होती. मी इकडे पडवीत कुकरच्या शिट्ट्या झाकत बसलो होतो.

मी मागे बघितलं. गर्दीतून वाट काढत ती माझ्याजवळ आली होती. डोळे भरून आले होते माझे, ते तिने बघितले. रघूने काय सांगितलं असणार तेही तिला कळलं असावं, कारण तिचे कान लाल झाले. मला काहीतरी बोलायचं होतं. ती म्हणाली, "पुढे सरका, मागे माणसं उभी आहेत."

मी सरकलो. ती माझ्या शेजारून पुढे गेली आणि जाताना तिने बेलची दोरी ओढली.